कोचच्या घरची पाहुणी

ती माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली तिचा विषय निघाला की जो तो म्हणतो, आम्ही तिला लहानपणापासून ओळखतो. ओळखत असतील. पण तिला बोट धरून शाळेत कोण न्यायचं? मी. म्हणजे बोट मी धरायचो आणि ओढत ती न्यायची. तिच्या अंगात काय ताकद आहे हे जगात सगळ्यांत आधी माझ्या खांद्याला कळलं. बाकीचे फार मागून आले.

आमच्या वडिलांची लॉन्ड्री होती, ती आता आम्हा दोघांची. धुणं, पिळणं, इस्त्री हे सगळं तिच्याकडे, टेम्पोनं माल पोचवणं माझ्याकडे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी आमच्याकडे येतात. यंत्रातून निघालेली ओली चादर पीळ बसून दोरासारखी झालेली असते. ती तशीच इस्त्रीच्या गरम रुळाखाली घातली तर सुरकुत्या कायमच्या बसतात. म्हणून दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, आणि मागे रेलून ताणायची. नवखी बाई हातांनी ओढते आणि दुपारपर्यंत तिचे खांदे भरून येतात. माझी बहीण हात सरळ ठेवते, टाचा रोवते आणि खुर्चीवर बसावं तशी मागे बसते. समोरची बाई चादरीसकट चालत पुढे येते. किती बायकांना तिनं असं हसत हसत पुढे आणलंय, विचारू नका.

शाळेत असताना ती रस्सीखेचीच्या संघात सगळ्यात मागे उभी राहायची. मागची म्हणजे जिच्या पाठीवरून दोर जातो ती. ती हलली की अख्खा संघ गेला. ती हलायची नाही. पुढे शाळा सुटली, आमच्या घरात सगळ्यांचीच लवकर सुटली. लग्न झालं, मुलगा झाला, तो मोठा होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, पण हिचा दोर काही सुटला नाही. शाळेत रस्सीखेच शिकवायला कोणी मिळेना तेव्हा मुख्याध्यापिका बाई आमच्या लॉन्ड्रीत पडदे द्यायला आल्या आणि कोच घेऊन गेल्या. असं मी म्हणतो. बहीण म्हणते, पडदेही दिले होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काम आटपलं की ही मैदानावर. जो संघ पूर्वी तोंडात गवत घेऊन घरी यायचा तो फायनल खेळायला लागला. कप मात्र मिळेना. तो दर वेळी जायचा नदीपलीकडच्या शाळेकडे, आणि तिथल्या कोचला सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. गळ्यात कायम शिट्टी. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे म्हणे. फोटो मी पाहिलेला नाही, पण माझा विश्वास आहे.

आता पाहुणीचं सांगतो.

परदेशातून एक वर्षासाठी मुलं शिकायला येतात, इथल्या कुटुंबात राहतात, इथल्या शाळेत जातात. त्याची एक संस्था आहे, ती घरं ठरवून देते. ही मुलगी आली ती एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहायला. थोड्याच दिवसांत आजोबा जिन्यावरून पडले, कंबर मोडली, आजी इस्पितळात अडकल्या, आणि पोरीला ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. संस्थेच्या बाईंनी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर कोणाकडे जागा नाही, कोणाकडे परीक्षा, कोणाकडे सासूबाई. माझी बहीण तेव्हा दोराच्या खोलीची किल्ली परत द्यायला आली होती. तिनं विचारलं, पोरगी जेवलीय का? आणि घेऊनच आली.

मुलाची खोली रिकामी होती, तिथे तिची सोय झाली. आमचे मेव्हणे कमी बोलणारे. त्यांनी खोलीतला दिवा बदलला आणि हेच त्यांचं स्वागत. पोरगी आपली भाषा पुस्तकातून शिकून आलेली. माझ्या बहिणीला महोदया म्हणायची, मला आदरणीय. प्रत्येक वाक्याआधी कृपया. कृपया मीठ. कृपया दार. एकदा पायावर बादली पडली तर म्हणाली, कृपया आई गं. लॉन्ड्रीतल्या बायका तिच्यावर जीव टाकायला लागल्या. पण बहिणीनं एक गोष्ट हेरली होती. पोरीनं बॅग उघडलीच नव्हती. रोज लागतील तेवढे कपडे काढायची आणि पुन्हा चेन लावून बॅग दाराशी ठेवायची. एक घर हातचं गेलेलं, दुसऱ्याचा काय भरवसा. बहिणीनं फक्त कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला.

शाळेतून आली की पाहुणी लॉन्ड्रीत यायची, आणि तिथे तिला चादरीचा नाद लागला. पहिल्या दिवशी ती चादरीसकट बहिणीच्या अंगावर येऊन आदळली. महिन्याभरात हात सरळ, टाचा रोवलेल्या, मागे बसलेली. एक दिवस तिनं मला टोक धरायला सांगितलं. मामा, कृपया, म्हणाली. आदरणीयचा मामा कधी झालो ते मलाही कळलं नव्हतं. मी टोक धरलं आणि थेट रुळापाशी पोचलो. मी काही कच्चा माणूस नाही, दोन-दोन गाठोडी एका वेळी उचलतो. त्या दिवशी बहीण गालातल्या गालात हसत होती. आणि त्याच आठवड्यात बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली. महोदयाची मावशी झाली.

सेमीफायनलला आमच्या संघातल्या मागच्या मुलीचा घोटा मुरगळला. जिंकलो, पण ती लंगडत घरी गेली, आणि फायनल तोंडावर. बहिणीनं पाहुणीला दोरावर उभं केलं. पोरींनी ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, शेवटी सगळ्या दमून खाली बसल्या आणि पाहुणी विचारते, कृपया, झालं? तिचं नाव स्पर्धेच्या समितीकडे पाठवलं.

इथे आमची चूक झाली. नियम सगळ्यांना पाठ होता. परदेशी पाहुणा शाळेच्या संघात खेळू शकतो, पण तो त्या शाळेच्या कोचच्या घरी राहत असला तर नाही. हा नियम उगाच नाही. पूर्वी एका शाळेनं बाहेरून ताडमाड उंच पोरगा आणला, कोचनं घरात ठेवून घेतला, बास्केटबॉलचा कप मारला आणि इथली पोरं बाकावर बसून राहिली. तेव्हापासून नियम. माझ्या बहिणीला तो माहीत होता, मुख्याध्यापिकांना माहीत होता, मलासुद्धा माहीत होता. पण खरं सांगू? ही पोरगी परदेशी आहे हेच आम्ही सगळे विसरलो होतो. लॉन्ड्रीतली पोर, टोक धरणारी, तिला कुठला आलाय नियम.

शिट्टीमास्तर विसरले नव्हते. त्यांची तक्रार गेली आणि समितीनं सगळ्यांना बोलावलं.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आपण भांडू, नियम जाचक आहे असं सांगू. बहीण म्हणाली, नियम चांगला आहे. मी एक व्यवहारी तोडगा सुचवला. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. पोरगी मामाकडे राहते म्हणून सांगू, कोण बघायला येतंय. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टेम्पोची हवा तपासायला बाहेर गेलो. मेव्हण्यांनीही माझ्याकडे तसंच पाहिलं, आणि ते तर कधी पाहतसुद्धा नाहीत.

मार्ग तसा सोपा होता. संस्थेच्या बाईंनी फोन करून सांगितलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चांगलं कुटुंब आहे, कोणत्याही खेळाशी संबंध नाही. मुलगी तिकडे राहायला गेली की खेळायला मोकळी. बहिणीनं फोन ठेवला, वरच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. बॅग कपाटावरून खाली आली होती. पाहुणी कपडे भरत होती, लॉन्ड्रीत शिकली तशा कडा जुळवून, सुरकुती न पडू देता. तिनं फोनवरचं ऐकलं होतं. जाईन मी, म्हणाली, संघाला मी हवी आहे. रडत नव्हती. रडली असती तर बहिणीला सोपं गेलं असतं.

बहीण शेजारी बसली. भरलेले कपडे एक एक करून बाहेर काढले आणि पुन्हा कप्प्यात रचले. त्या वेळी ती एवढंच म्हणाली की कपाट दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही. पण मनात तिचं ठरलं होतं, हे मी तिच्या चालण्यावरून ओळखलं. ठरलं की ती टाचांवर चालते.

समितीची खोली म्हणजे लांबलचक टेबल, भिंतीला कपांचं काचेचं कपाट, आणि करकरणाऱ्या खुर्च्या. टेबलामागे तिघं. मधे अध्यक्ष, चष्मा कपाळावर चढवलेले म्हातारे गृहस्थ. एका बाजूला शिट्टीमास्तर, दुसऱ्या बाजूला आम्ही. मला बोलू नकोस म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून मी मोठमोठ्यानं श्वास घेत होतो.

शिट्टीमास्तर वाईट बोलले नाहीत, हे मान्य करायला हवं. ते म्हणाले, पोरीबद्दल माझी तक्रार नाही. पण आज हे चालवून घेतलं तर उद्या प्रत्येक कोच घरात एक एक परदेशी पैलवान पाळेल आणि आमच्या पोरी टाळ्या वाजवत बसतील. बहिणीनं मान डोलावली. अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का? ती म्हणाली, ते बरोबर बोलतायत. मुलगी माझ्या घरी आली तेव्हा तिनं दोर पाहिलासुद्धा नव्हता, पण हे मी म्हणणार आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार, असं असायला नको म्हणूनच नियम केलाय.

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. एवढं सरळ उत्तर त्या टेबलावर आधी कोणी ठेवलं नसावं. ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. घर बदला."

"घर बदलणार नाही," बहीण म्हणाली. "कोच बदला."

मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची करकरली. त्यांनी तिचा हात धरला. तिनं तो अलगद सोडवला आणि कोटाच्या खिशातून दोराच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी आत्तापासून कोच नाही, म्हणाली. म्हणजे पोरगी कोचच्या घरी राहत नाही. एका लॉन्ड्रीवालीच्या घरी राहते.

शिट्टीमास्तर उठून उभे राहिले. आज सोडतील आणि फायनलला गॅलरीतून खुणा करतील, म्हणाले. यांच्या पोरी यांच्या भुवईवर चालतात, मी पाहिलंय. यावरही बहीण म्हणाली की बरोबर आहे, त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तिनंच अट घालून घेतली. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही, दोराला हात लावणार नाही. फायनलला बसेन ती प्रेक्षकांत. तोंडातून शब्द निघाला किंवा बोट जरी हललं तर आमचा संघ बाद.

अध्यक्षांनी शेजारच्या दोन्ही सदस्यांकडे पाहिलं आणि मान्य म्हणून टाकलं. परतताना मी तिला विचारलं, अगं, एवढी वर्षं घासलीस आणि कप दिसायला लागल्यावर सोडलंस? ती म्हणाली, दादा, गाडी बघून चालव. तिचे डोळे ओले होते. मी गाडी बघून चालवली.

तिच्या जागी कोच म्हणून उभे राहिले भूगोलाचे सर, कारण त्या वेळी मोकळे तेवढेच होते. सज्जन माणूस. दोर कोणत्या बाजूनं ओढतात हे त्यांनी मुलींनाच विचारलं आणि मग म्हणाले, मी मधे बोलणार नाही.

फायनलला मैदान गच्च भरलं होतं. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. बहीण माझ्या आणि मेव्हण्यांच्या मधे बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, ओठ शिवल्यासारखे. रस्सीखेचीत कोच बाजूनं ताल देतो. कधी धरून ठेवायचं, कधी एकदम मागे बसायचं. पोरींना आयुष्यात तिचाच ताल ठाऊक.

पहिली खेच सुरू झाली आणि आमच्या आठच्या आठ पोरींनी माना वळवून गॅलरीकडे पाहिलं. तिला शोधत होत्या. तेवढ्यात समोरून हिसका बसला. मधली लाल फीत सरकत सरकत पलीकडे गेली, पाहुणीच्या टाचांनी ओल्या मातीत दोन चर पाडले, आणि आमची खेच गेली. पलीकडच्या शाळेनं मैदान डोक्यावर घेतलं. तीनपैकी दोन जिंकायच्या, एक तर गेलीच.

बहिणीच्या लक्षात आलं. हात दाबले, तोंड शिवलं, पण चेहरा? चेहरा कुठे ठेवणार? पोरी तिचा चेहरा वाचणार, आणि जोवर तो दिसतोय तोवर दोराकडे बघणार नाहीत. ती उठली. मला वाटलं घरी निघाली. तर ती बाकावर उलटी बसली. मैदानाकडे पाठ करून, समोर गॅलरीची सिमेंटची भिंत.

एवढी वर्षं ज्या कपाची वाट पाहिली त्याची फायनल, आणि ही भिंतीकडे तोंड करून. मी तिला सांगायला तोंड उघडलं तर मेव्हण्यांनी माझा गुडघा असा दाबला की दुसऱ्या दिवशी क्लच दाबता येईना. बरोबर होतं त्यांचं. तिला काय चाललंय ते सांगायचं नव्हतं, चेहऱ्यावर काही उमटायला नको.

खाली पोरींनी पुन्हा गॅलरीकडे पाहिलं. त्यांना दिसली पाठ. एकीनं दुसरीला कोपर मारलं. मग कोणीच वर पाहिलं नाही.

दुसरी खेच. बहिणीला फक्त ऐकू येत होतं. पंचांची हाक. दोर ताणल्याचा तो कोरडा आवाज. बुटांची घसट. शिट्टीमास्तरांचा ताल, खणखणीत. आणि आमच्या बाजूनं काही नाही. नुसते श्वास. तिचे खांदे कानांपर्यंत चढले. मग सगळ्यात मागून, जिच्या पाठीवर दोर होता तिच्या गळ्यातून, हाक आली:

"कृपया!"

आणि आठ जणी एकदम मागे बसल्या. पुन्हा कृपया, पुन्हा बसल्या. गॅलरीत आधी हसू पसरलं, मग लॉन्ड्रीतल्या बायका उठल्या आणि कृपया कृपया म्हणून ओरडायला लागल्या, मग आमची अख्खी बाजू. एवढ्या नम्रपणे कोणाला कधी कोणी चिखलातून ओढलं नसेल. फीत आमच्याकडे आली. तिसऱ्या खेचीत पलीकडच्या पोरी जिद्दीनं उभ्या राहिल्या, दोर जागचा हलेना, मला वाटलं संध्याकाळ होईल. भूगोलाचे सर डोळे मिटून उभे होते. बहीण भिंतीकडे बघत होती, आणि मी शपथेवर सांगतो, बसल्या जागी तिच्या टाचा सिमेंटवर रोवलेल्या होत्या. ते बोट हलणं नव्हे. टाचांचं काही ठरलं नव्हतं.

मग जो गलका झाला तो ऐकून तिनं मला विचारलं, कोण? मी सांगायला गेलो तर माझा आवाज फुटेना. माझा! मेव्हण्यांनी सांगितलं. आपण, म्हणाले. वर्षभरात ते जेवढं बोलले त्यातलं हे सगळ्यात चांगलं.

कप भूगोलाच्या सरांच्या हातात दिला. ते तो उलटा धरून इकडेतिकडे बघत होते. तोवर पोरी गॅलरी चढून वर आल्या होत्या, चिखलानं माखलेल्या, आणि सगळ्या मिळून तिच्या अंगावर कोसळल्या. तिच्या इस्त्रीच्या कोटाचं पार पोतेरं झालं. पाहुणी सगळ्यात शेवटी आली. तळहात सोललेले. मावशी, तू पाहिलंस का, विचारलं. बहीण म्हणाली, ऐकलं. सगळं ऐकलं. मग दोघी जिन्यावर बसल्या आणि बहीण तिच्या हातांवर फुंकर घालत राहिली, गर्दी ओसरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो लावतोय तोच लॉन्ड्रीच्या दारात शिट्टीमास्तर. बरोबर संस्थेच्या बाई, आणि बाईंच्या मागे एक लांब पायांची, घाबरलेली पोरगी. मला वाटलं नवीन तक्रार. मी बाह्या सरसावून पुढे झालो. मास्तर मला ओलांडून बहिणीपाशी गेले. म्हणाले, आमच्या शाळेतली पाहुणी आहे, जिच्या घरी राहायची त्या बाईंना अचानक गाव सोडावं लागतंय. माझ्या घरी ठेवता येत नाही, मी कोच. माझ्या शाळेतल्या ज्यांच्या घरी जागा आहे ते सगळे कशाचे ना कशाचे कोच. संस्थेच्या बाई म्हणाल्या, यांनीच तुमचं नाव सुचवलं.

बहिणीनं हात पुसले. पोरीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"काय खेळते?"

"लांब उडी," मास्तर म्हणाले. "तुमच्या शाळेच्या पोरींना हरवेल. आधीच सांगतो."

"हरवू दे," बहीण म्हणाली आणि त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवलीय का ती?"